हायपोकॉस्टम: रोमन जमिनीखालची भट्टी – बांधणी, जळण आणि बिघाड

वीटभट्टी

रोमन स्नानगृहांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, त्यात हायपोकॉस्टम एका वाक्यात उरकलेलं असतं: जमीन पोकळ होती आणि खालून गरम हवा सोडत. बांधकाम करणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. खांबांमध्ये अंतर किती, लादी केवढी, सांध्यात माती की चुना, धूर जातो कुठून, हे कळलं तरच ही यंत्रणा कळते. म्हणून हा धागा फक्त बांधणी आणि चालवणी यांसाठी. भट्टीकाम, चुनाकाम किंवा उत्खननं जाणणाऱ्यांनी भर घालावी.

सुरुवात रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसपासून. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने लिहिलेल्या वास्तुग्रंथाच्या पाचव्या खंडातलं दहावं प्रकरण स्नानगृहांवर आहे. क्रम खालून वर असा: आधी दीड फुटी लाद्यांची जमीन, भट्टीच्या तोंडाकडे उतार देऊन. उताराची कसोटीही दिली आहे. आत चेंडू टाकला तर तो आत थांबता कामा नये, आपसूक तोंडाशी परत यावा. या जमिनीवर दोन तृतीयांश फुटी चौकोनी विटांचे, म्हणजे बेसालिसचे, दोन फूट उंचीचे खांब. या खांबांना पिले म्हणतात. सांध्यात केस घालून मळलेली माती. खांबांच्या डोक्यावर दोन फुटी लाद्या, बिपेडालिस. त्यांवर कोबा आणि सर्वांत वर फरशी किंवा मोझाइक. या अधांतरी जमिनीचं नाव सस्पेन्सुरा.

आता एका खोलीचा हिशोब करू. रोमन फूट २९.६ सेंमी. खोली १० बाय १० रोमन फूट, म्हणजे साधारण ३ मीटर चौरस. दोन फुटी लाद्या ५ गुणिले ५, एकूण २५. प्रत्येक लादीचे चार कोपरे खांबांच्या मध्यावर टेकतात, म्हणून खांब ६ गुणिले ६, एकूण ३६. बेसालिस सुमारे ४ सेंमी जाड, सांधा सव्वा सेंमी धरा. दोन फूट उंची गाठायला ११ थर लागतात. म्हणजे खांबांनाच ४०० च्या आसपास विटा. तळाला दीड फुटी लाद्या ७ गुणिले ७, म्हणजे ४९, कडेच्या तोडून.

दोन फुटी लादी ६ सेंमी जाड धरली तर एकेक ३७-३८ किलोची होते. ती भाजताना वाकू न देणं हे कुंभाराचं खरं कसब. वाकडी लादी चारही खांबांवर टेकत नाही, तीन कोपऱ्यांवर तोलली जाते आणि वर कोबा ठोकतानाच तडकते.

---

उष्मागती

उत्तम सुरुवात. सस्पेन्सुराच्या जाडीबद्दल लिहितो, कारण या यंत्रणेचा सगळा स्वभाव त्या जाडीत आहे.

लादी आणि कोबा मिळून ३० सेंमी जाडी ही अवशेषांमध्ये अगदी नेहमीची. व्हिट्रुव्हियस सातव्या खंडात जमिनीसाठी तीन भाग विटांचा चुरा आणि एक भाग चुना असा थर सांगतो, आणि तो सहा अंगुळांहून, म्हणजे ११ सेंमीहून, पातळ नको म्हणतो. आपल्याकडचा सुरखी-चुन्याचा कोबा तो हाच.

अशा थरातून उष्णता किती वेगाने वर येते? विटेच्या चुऱ्याच्या कोब्याची उष्णता-विसरणक्षमता साधारण ०.५ चौरस मिलिमीटर दर सेकंदाला धरा. ३० सेंमीचा वर्ग ९०,००० चौरस मिमी. त्याला दुप्पट विसरणक्षमतेने भागलं की ९०,००० सेकंद, म्हणजे २५ तास. आज सकाळी जाळ घातला तर जमिनीचा वरचा पृष्ठभाग उद्या सकाळी नीट तापायला लागतो. वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ पाव होतो.

३ बाय ३ मीटर आणि ३० सेंमी जाड जमिनीचं वजन जवळपास पाच टन. ती सरासरी ४० अंशांनी तापवायला सुमारे १७० मेगाज्यूल लागतात. वाळलेलं लाकूड किलोला १५ मेगाज्यूल देतं, आणि त्यातला चतुर्थांश जमिनीत उतरला तर ४५ किलो लाकूड. भिंती, पिले आणि खालची जमीन यांत जाणारी उष्णता यात धरलेली नाही. एकदा तापल्यावर मात्र फक्त गळती भरून काढायची, त्यामुळे रोजचं जळण बरंच कमी होतं. म्हणून ही भट्टी विझवत नसत. रोज नव्याने पेटवायची तर सगळं लाकूड जमीन तापवण्यातच जाईल, अंघोळ करणाऱ्यापर्यंत काही पोहोचणार नाही.

---

शेणामाती

सांध्यात चुना न घालता केस मिसळलेली माती का घालायची, हे जरा उलगडतो. चुन्याचा सांधा म्हणजे हळूहळू पुन्हा चुनखडी झालेला चुना. भट्टीच्या तोंडाशी जाळ ८०० अंशांच्या पुढे गेला की त्या सांध्याची परत कळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, होते. पुढे ओल लागली की ती कळी फुगते आणि खांब आतून फुटतो. माती तिथे भाजून विटेसारखी होते आणि भट्टीपासून लांब आहे तिथे नुसती वाळलेली राहते. दोन्हीकडे तिचं काही बिघडत नाही. केसांमुळे ती वाळताना भेगाळत नाही, आपण गिलाव्यात ताग किंवा भुसा घालतो त्याच कारणासाठी.

शिवाय खांब तापल्यावर उंच होतो. मातीचा सांधा किंचित दबतो, चुन्याचा दबत नाही.

हाच नियम दगडाला. रोमन ब्रिटनमध्ये बरीच ठिकाणी विटांऐवजी अखंड दगडाचे ठेंगणे खांब आहेत, कारण दगड स्वस्त आणि हाताशी होता. वालुकाश्म किंवा बेसाल्ट असेल तर ठीक. चुनखडीचा दगड मात्र भट्टीच्या तोंडाजवळ टिकत नाही.

---

रानजाई

खांबांवर भार फार असतो म्हणून ते इतके जवळ-जवळ, असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. ते पटतं का?

---

वीटभट्टी

नाही, रानजाईताई. एका खांबाच्या वाट्याला दोन फूट चौरस जमीन येते. ३० सेंमी जाडीने तिचं वजन १९० किलोच्या आत. २० सेंमी चौकोनी विटेच्या खांबाला हे काहीच नाही. अंतर ठरतं ते वरच्या लादीवरून. दोन खांबांमध्ये ३९ सेंमीची मोकळी जागा सुटते आणि तेवढं अंतर भाजक्या मातीची लादी आडवी पेलते. भाजकी माती दाबाला भक्कम आणि ताणाला कच्ची. याहून मोठी लादी भाजणंही अवघड आणि पेलणंही.

कोबा घट्ट झाला की तो स्वतःच एका अखंड पाटीसारखा भार वाहतो. म्हणून काही उत्खननांत एखादा-दुसरा खांब पडलेला असूनही वरची जमीन जागेवर सापडते. लादीची खरी गरज कोबा ओला असतानाच्या दिवसांत. ती कायमची सेंटरिंगच म्हणा.

---

टायबरकाठ

इतिहासाची बाजू थोडक्यात. शोधाचं श्रेय सर्गियुस ओराता याला देतात. रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे नेपल्सजवळच्या बाइयाच्या किनाऱ्यावर कालवांची पैदास करणारा हा माणूस, त्यानेच पहिल्यांदा अधांतरी स्नानगृहं काढली, आणि घरं अशी सजवून तो विकत असे. काळ साधारण इसवी सनपूर्व ९५. पण इटलीतल्या फ्रेगेल्ले इथल्या स्नानगृहात पोकळ, तापवलेल्या जमिनीचे अवशेष मिळाले आहेत आणि ते नगर रोमनांनी इ.स.पू. १२५ मध्येच उद्ध्वस्त केलं. तेव्हा ओराताने फार तर त्याचा बाजार वाढवला असं म्हणता येईल.

भिंती तापवणं नंतर आलं. रोमन तत्त्वज्ञ सेनेका नव्वदाव्या पत्रात, म्हणजे इ.स. ६० नंतरच्या दशकात, काचेच्या खिडक्या आणि भिंतीत बसवलेल्या नळ्या या आपल्या हयातीतल्या गोष्टी असल्याचं नोंदवतो. त्या नळ्या उष्णता सभोवती खेळवतात आणि खाली-वर सारखी ऊब देतात, हेही तो सांगतो.

---

उष्मागती

भिंतीच्या नळ्यांवर लोक घाईने बोलतात, तिथे थोडं थांबायला हवं.

पहिली पद्धत टेगुला मामाता: चार कोपऱ्यांना चार बोंडं असलेली सपाट लादी. बोंडं भिंतीला टेकवून लोखंडी खिळ्यांनी अडकवायची, मागे काही सेंटिमीटरची फट राहते. पाँपेईत ही दिसते. दोष असा की बोंडं तुटतात, आणि फट ठिकठिकाणी कमीजास्त होते. दुसरी पद्धत ट्यूबुलुस: आयताकृती पोकळ भाजकी नळी, एकावर एक रचायची. पुढच्या-मागच्या तोंडावर फणीने ओरखडे काढलेले असतात, गिलावा धरावा म्हणून. बाजूच्या दोन्ही तोंडांना एकेक भोक. ते फार महत्त्वाचं. एक उभी रांग काजळीने किंवा पडलेल्या गिलाव्याने तुंबली तरी शेजारच्या रांगेतून वायू वाट काढतो. नळ्या टी आकाराच्या लोखंडी पकडींनी भिंतीला धरून ठेवत.

प्रत्येक नळी छपराबाहेर जात असे हा मात्र गैरसमज. तसं केलं तर सगळी उष्णता आकाशात जाईल आणि भट्टीची ओढ, म्हणजे हवा आत खेचण्याचा जोर, इतकी वाढेल की लाकूड भराभर संपेल. बाहेर जाणारी धुराडी मोजकी ठेवत, बहुधा कोपऱ्यांत. बाकीच्या नळ्या वर बंद. त्यांच्यात वायू जवळजवळ उभा राहतो आणि भिंत उबदार ठेवतो. जर्मनीतल्या सालबुर्ग किल्ल्यात फ्रिट्झ क्रेत्शमर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला हायपोकॉस्टमात प्रत्यक्ष जाळ करून मोजमापं घेतली, आणि या नळ्यांचं काम धूर वाहणं की भिंत कोरडी ठेवणं, यावर तेव्हापासून चर्चा चालू आहे. माझं मत दुसऱ्या बाजूचं. दमट खोलीत भिंत गार असली की तिच्यावर पाणी सुटतं, गिलावा कुजतो आणि छताचे थेंब अंगावर पडतात. भिंतीचा पृष्ठभाग दवबिंदूच्या वर ठेवला की हे सगळं थांबतं, आणि त्याला प्रचंड वाहता वायू लागत नाही.

---

हेमाडपंती

पाण्याचं कोणी लिहिलं नाही, म्हणून भर. कॅल्डेरियम म्हणजे गरम खोली, आणि तिच्यातला हौद नुसत्या तापलेल्या जमिनीवर गरम राहात नाही. भट्टीच्या वर तीन भांडी ठेवावीत असं व्हिट्रुव्हियस सांगतो: कढत, कोमट आणि गार. कढत भांड्यातून जेवढं पाणी जाईल तेवढं कोमट भांड्यातून त्यात यावं, आणि कोमटात तेवढंच गारातून. म्हणजे उकळीत एकदम गार पाणी पडत नाही आणि भांड्याला हिसका बसत नाही.

पाँपेईजवळच्या बोस्कोरिआले इथल्या एका बागायती वाड्यात शिशाचं असं भांडं नळ आणि तोट्यांसकट मिळालं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून जाळाकडचा तळ काशाचा. आत पाणी आहे तोवर शिशाला भीती नाही, कारण पाणी त्याला शंभराच्या फार वर जाऊ देत नाही. भांडं कोरडं पडलं की संपलं. आपल्या तांब्याच्या बंबात पाणी न भरता जाळ केला की डाग, म्हणजे सांध्याची झाळ, सुटतात, तसंच.

दुसरी युक्ती टेस्टुडो. अर्धगोल काशाचं कवच, सपाट तळ भट्टीतून येणाऱ्या झोताच्या वर आणि उघडं तोंड थेट हौदात. त्याचा तळ हौदाच्या तळाहून खाली असतो, म्हणून गार झालेलं पाणी आपोआप त्यात उतरतं, तापतं आणि वर चढून हौदात परत येतं. पंप नाही, झडप नाही. पाँपेईच्या स्टाबियन स्नानगृहातल्या स्त्रियांच्या विभागात ही रचना मिळाली आहे.

हौदाच्या तळाशी आणि भिंतीच्या सांध्यावर कोब्याचा पाव-गोल वाटा मारलेला असतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आजचा गवंडी मारतो तोच वाटा, त्याच कारणासाठी: पाणी नेमकं काटकोनात शिरतं.

---

रानजाई

तापमान कमीजास्त कसं करत?

---

टायबरकाठ

मुख्य साधन जाळच. पण दोन गोष्टी लिखित आहेत. कोरड्या घामखोलीच्या घुमटाला मधोमध झरोका ठेवून त्याखाली साखळ्यांवर काशाची तबकडी टांगायची. ती खाली-वर केली की ऊब कमीजास्त होते, असं व्हिट्रुव्हियस लिहितो. आणि धाकटा प्लिनी लॉरेन्टुमच्या आपल्या घराबद्दल लिहिताना सांगतो की निजायच्या खोलीला लागून एक छोटंसं हायपोकॉस्टन आहे आणि अरुंद खिडकीतून त्याची ऊब हवी तेव्हा सोडता येते, नको तेव्हा अडवता येते. स्नानगृह नसलेल्या खोलीत ही सोय होती याचा तो चांगला पुरावा.

खोल्यांचा क्रम हेही एक नियंत्रणच. भट्टीला चिकटून कॅल्डेरियम, पुढे टेपिडेरियम म्हणजे कोमट खोली, आणि कॅल्डेरियमखालचा वायू भिंतीतल्या भोकांतून पुढे टेपिडेरियमखाली जातो. दुसऱ्या खोलीला पहिलीची उरलेली उष्णता. ते भोक विटांनी थोडं बुजवलं की टेपिडेरियम गार पडतं. व्हिट्रुव्हियस पुरुषांचं आणि स्त्रियांचं कॅल्डेरियम शेजारी ठेवायला सांगतो, ते एकच भट्टी दोघांना पुरावी म्हणून.

---

शेणामाती

बिघाडांबद्दल.

भट्टीच्या तोंडाजवळचे पहिले दोन-तीन खांब सर्वांत आधी जातात. जाळ त्यांना थेट चाटतो आणि दार उघडलं की गार हवेचा झोत त्यांच्यावरच येतो. त्या हिसक्याने विटांचे कोपरे उडतात. म्हणून तोंडापासून आत थोडं अंतर दोन्ही बाजूंना जाड भिंती घालून बोळ करत, ज्वाला तिथेच संपते आणि खांबांपर्यंत फक्त तापलेला वायू जातो. खांब बदलायचा तर आत सरपटत जाऊन वरच्या लादीला टेकू द्यावा लागे. दोन फूट उंची ठेवण्यामागे हेही कारण असणार.

दुसरा बिघाड कडेचा. सस्पेन्सुरा भिंतीत घट्ट गाडली तर ती तापून पसरताना भिंतीला ढकलते किंवा स्वतः उचकटते. तिची कड भिंतीलगतच्या खांबांवर किंवा खाचेवर मोकळी टेकलेली हवी.

तिसरा आणि सर्वांत वाईट: जमिनीची भेग. धूर वर येतो तो दिसतो, पण कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. चांगली ओढ असेल तर पोकळीतला दाब खोलीपेक्षा किंचित कमी असतो आणि भेगेतून हवा खाली ओढली जाते. ओढ मंदावली, धुराडं तुंबलं किंवा वारा उलटला की तोच वायू वर. भट्टी गार असताना पेटवताना धोका अधिक, कारण गार नळीत ओढच नसते. सुरुवात बारीक, सुक्या काटक्यांच्या झटपट जाळाने करायची आणि ओढ बसली की मगच ओंडके घालायचे.

---

टायबरकाठ

शेणामातीदादांच्या मुद्द्याला एक जोड. चौथ्या शतकात, पुढे रोमन सम्राट झालेला ज्युलियन तेव्हाच्या लुटेशियात, म्हणजे पॅरिसमध्ये, हिवाळ्यात राहात होता. तिथे बहुतेक घरं जमिनीखालच्या भट्ट्यांनी तापवत, पण त्याने आपली खोली तशी तापवू दिली नाही. थंडी वाढल्यावर थोडे निखारे आत आणवले. भिंतींची ओल सुटली, निखाऱ्यांचा वायू कोंडला आणि तो गुदमरला. उचलून बाहेर न्यावं लागलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. हायपोकॉस्टममध्ये जाळ खोलीबाहेर असतो, हा त्याचा केवढा मोठा गुण आहे, ते यावरून दिसतं.

---

हेमाडपंती

उत्खननस्थळी काय पाहावं, याबद्दल दोन शब्द, कारण ब्रिटन-जर्मनीत राहणारे बरेच मराठी लोक ही ठिकाणं बघतात.

ठेंगण्या खांबांच्या रांगा दिसल्या की हायपोकॉस्टम, असं समजू नये. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवरच्या हाउसस्टेड्स किल्ल्यात असे खांब धान्यकोठाराचे आहेत. धान्याखाली हवा खेळावी आणि ओल-उंदीर लागू नयेत म्हणून जमीन उचललेली. ओळखायची खूण: भट्टीचं तोंड आणि त्याच्याशी जळालेले, लाल-काळे पडलेले दगड आहेत का? भिंतीत नळ्या किंवा त्यांच्या पकडी आहेत का? कोठाराला याऐवजी बाहेरच्या भिंतीत हवेच्या खिडक्या असतात.

चेंडूच्या कसोटीचा उतार खोदकामात सगळीकडे सापडत नाही, तेव्हा तो नाही म्हणून शंका घेऊ नका. उशिराच्या काळात ब्रिटनमध्ये खांबांऐवजी जमिनीत नुसते चर खोदून त्यांवर लाद्या टाकलेल्याही दिसतात. विटा कमी, गवंडीकाम कमी, पण ऊब चरावरच्या पट्ट्यापुरती.

इंग्लंडमधल्या बाथ गावातला मोठा हौद पाहून तो खालून तापवलेला वाटतो. तो नाही. तिथला झराच ४६ अंशांचा आहे. हायपोकॉस्टम आहे ते बाजूच्या पूर्व आणि पश्चिम स्नानगृहांत, आणि विटांचे खांब तिथे छान दिसतात. फ्रँकफुर्टकडच्यांना बाड होम्बुर्गजवळचं सालबुर्ग सोपं. ट्रियरला कॉन्स्टन्टाइनचं सभागृह पाहा: ६७ मीटर लांब, ३३ मीटर उंच, आणि एवढी मोठी जागा जमिनीतून आणि भिंतींतून तापवत.

---

रानजाई

आपल्याकडे याचा कुठला भाऊबंद?

---

हेमाडपंती

काश्मीरचा हमाम. दगडी फरशीखाली पोकळी, बाहेरून लाकडाचा जाळ, सोबत पाण्याचं तांब्याचं भांडं. मशिदींत आणि जुन्या घरांत आजही चालतो. रोमन स्नानगृहांकडून ही रीत अरब जगात गेली. जॉर्डनमधल्या आठव्या शतकातल्या कुसैर अम्राच्या स्नानगृहात पोकळ जमीन आहे. महाराष्ट्राच्या हवेला घर तापवायची गरजच नव्हती.

---

वीटभट्टी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एका वास्तुशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी छोटं प्रात्यक्षिक कसं बांधावं ते विचारलं आहे. इथेच लिहितो, म्हणजे चुकलं तर बाकीचे दुरुस्त करतील.

आकार १.२ मीटर चौरस. जागा उघडी, पत्र्याच्या शेडखालीसुद्धा नको. खांबांना ९ इंची अग्निविटा. दोन विटा शेजारी ठेवून ९ इंची चौकोन होतो, पुढचा थर आडवा. चार थरांत ३० सेंमीच्या वर उंची मिळते आणि प्रात्यक्षिकाला तेवढी पुरे. ३ गुणिले ३ असे ९ खांब, एकूण ७२ विटा. सांध्याला चाळलेली माती आणि बारीक कापलेला काथ्या. वर ६० सेंमी चौरस चार फरश्या.

फरशी निवडताना सांभाळा. शहाबादी आणि कडप्पा आपल्याकडे कुठेही मिळतात, पण दोन्ही चुनखडीचे, थर सुटणारे दगड. जाळावर ते पापुद्रे सोडतात. काळ्या दगडाची, म्हणजे आपल्या बेसाल्टची, ५ सेंमी फरशी घ्या. एकेक ५० किलोच्या वर जाते, दोघांनी उचलायची. वर एकास तीन सुरखी-चुन्याचा ५ सेंमी कोबा. घाणीत (दगडी चाकाखाली) मळलेला चुना मिळाला तर उत्तम.

भट्टीचं तोंड एका बाजूला मध्यावर, ३० सेंमी रुंद, आणि बाहेर ४५ सेंमी लांबीचा विटांचा बोळ. समोरच्या दोन कोपऱ्यांत १० सेंमी व्यासाचे दोन लोखंडी पाइप, २ मीटर उंच, प्रत्येकाला बुडाशी झडप. कडेच्या भिंती खांबांपासून आणि फरशीपासून २ सेंमी सुट्या.

---

उष्मागती

एकूण जाडी १० सेंमी म्हणजे आधीच्या सूत्राने ऊब वर यायला अडीच-तीन तास. सकाळी ८ ला पेटवलं तर ११ नंतर मोजमापं घ्यायला लागा. पाच ठिकाणी तापमापी चिकटवा: भट्टीवर, मध्यावर, दोन्ही धुराड्यांपाशी आणि एक बाजूच्या कडेला. एक झडप बंद केली की गरम पट्टा दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकतो, पण तो दिसायला तासभर लागेल, मुलांना आधी सांगून ठेवा. आजच्या पाण्याच्या नळ्यांच्या तापत्या जमिनीला युरोपात वावरायच्या जागी २९ अंशांची मर्यादा आहे. कॅल्डेरियमची जमीन याहून बरीच गरम असे, तिथे लाकडी खडावा घालत.

---

शेणामाती

एकच दुरुस्ती. कोबा घातल्यावर निदान तीन आठवडे पाणी मारून, मग सावलीत पूर्ण वाळू द्या. पहिले दोन दिवस फक्त काटक्यांचा, तासाभराचा जाळ. ओल आत असताना मोठा जाळ केला तर वाफ कोंडते आणि कोबा फरशीपासून सुटतो. बेसाल्टमध्ये ओली भेग असेल तर तोही फुटतो. वर टिचकी मारून पाहा. पोकळ आवाज आला तर तेवढा तुकडा काढून पुन्हा घाला, वरून चुन्याचं पाणी ओतून भागणार नाही.